शिबिर उठल्यावर गावात काय उरतं?

महाराष्ट्राला युवा शिबिरांची मोठी परंपरा आहे. १९४१ मध्ये राष्ट्र सेवा दलाची फेरउभारणी झाली आणि एस. एम. जोशी दलप्रमुख झाले. सेवापथकं आणि कलापथक यांतून कार्यकर्त्यांच्या दोन-तीन पिढ्या घडल्या. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात बाबा आमटे यांनी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथला श्रमसंस्कार छावणी सुरू केली. २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, राष्ट्रीय सेवा योजना ३७ विद्यापीठांत आणि सुमारे ४० हजार विद्यार्थ्यांसह सुरू झाली. आज ‘एनएसएस’ माहीत नाही असं महाविद्यालय सापडणं कठीण.

संख्येचा प्रश्न आपण बऱ्याच अंशी सोडवला आहे. आता प्रश्न दर्जाचा आहे. तो सोडवायचा तर तरुणांना दोष देऊन भागणार नाही, त्यांचे कार्यक्रम आखणाऱ्या संस्थांना हात द्यावा लागेल.

नोंदवही काय मोजते?

एनएसएसच्या स्वयंसेवकानं वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास काम करायचं असतं. शिवाय दत्तक गावात सात दिवसांचं विशेष शिबिर. पहाटे प्रभातफेरी, मग श्रमदान, दुपारी बौद्धिक, रात्री सांस्कृतिक कार्यक्रम हा क्रम ठरलेला. चौकट चांगली आहे. पण अहवालात तास, उपस्थिती, लावलेली रोपं आणि छायाचित्रं मागितली जातात. जे मागितलं जातं तेच संस्था देते.

वनराई बंधाऱ्याचंच घ्या. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू-माती भरायची, तोंडं शिवायची, सांधे एकावर एक येणार नाहीत अशा बेतानं त्या ओढ्यात रचायच्या आणि फटींत चिकणमाती ठासायची. खर्च नगण्य, हातांना भरपूर काम, आणि अडलेलं पाणी लगेच डोळ्यांना दिसतं. म्हणून शिबिरांत हे काम आवडीचं. पण हा बंधारा पाऊस ओसरल्यावर, ओढा वाहता असताना घालायचा असतो. तेव्हाच ते पाणी रब्बीला आणि आसपासच्या विहिरींना उपयोगी पडतं. शिबिराची तारीख मात्र परीक्षेच्या वेळापत्रकावरून ठरते आणि बहुधा डिसेंबर-जानेवारीत येते. तोवर ओढ्याची धार बारीक झालेली असते, कुठे आटलेलीही. बंधारा उभा राहतो, फोटो निघतो, अहवालात नोंद होते. मुलांचा घाम खरा असतो. ओढ्याला पाणी कधीपर्यंत टिकतं, हे मात्र गावात कुणाला विचारलेलं नसतं.

हेच काम नियमित तासांतून, ऑक्टोबरच्या दोन रविवारी करता येतं. मग शिबिरात बंधाऱ्याची डागडुजी होईल आणि विहिरींची पातळी मोजता येईल. त्यासाठी जादा निधी लागत नाही. ऑगस्टमध्ये पाच-सहा विद्यार्थ्यांनी गावात जाऊन शेतकऱ्यांशी, पाणी भरणाऱ्या बायकांशी बोलायला हवं, आणि काम काय करायचं हे त्यांनीच गावाबरोबर बसून ठरवायला हवं.

ज्यांनी वाट दाखवली

असं करणाऱ्या संस्था आपल्याकडे आहेत. सोमनाथच्या छावणीत सकाळच्या श्रमदानाइतकंच नंतरच्या चर्चेला महत्त्व असतं. कुष्ठमुक्त माणसांनी उभ्या केलेल्या शेतीत राबताना ‘आपण यांना मदत करतो आहोत’ हा भाव टिकतच नाही, कारण शिकवणारे तेच असतात.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’मधून २००६ मध्ये ‘निर्माण’ सुरू झालं. तिथे एका शिबिरावर गोष्ट संपत नाही. शिबिरांची मालिका असते. मधल्या काळात तरुणांनी प्रश्न जवळून पाहायचा, काहीतरी करून बघायचं आणि तो अनुभव घेऊन पुन्हा भेटायचं. ज्याला पुढे जायचं आहे, त्याला पुढची पायरी दिसते.

मुंबईत अर्जुन अप्पादुराई यांच्या पुढाकारानं उभ्या राहिलेल्या ‘पुकार’नं युवा पाठ्यवृत्तीतून आणखी एक गोष्ट सिद्ध केली. वस्तीतल्या मुलामुलींचे गट स्वतःच्या जगण्यातला विषय निवडतात आणि त्यावर वर्षभर संशोधन करतात. विषय त्यांचा असल्यामुळे जबाबदारीही त्यांचीच होते.

पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा २०१६ मध्ये तीन तालुक्यांत सुरू झाली आणि २०१८ पर्यंत ७५ तालुक्यांत पोहोचली. ती केवळ तरुणांसाठी नव्हती, पण तिच्यातला क्रम घेण्यासारखा आहे: आधी गावकऱ्यांचं प्रशिक्षण, मग श्रमदान, आणि शेवटी झालेल्या कामाची मोजणी.

ब्रिटनमध्ये २०१३ मध्ये तरुणांच्या समाजकार्याला चालना देणारी ‘आय विल’ मोहीम सुरू झाली, तेव्हा तिथल्या संस्थांनी दर्जाच्या सहा कसोट्या मान्य केल्या. काम तरुणांच्या पुढाकारानं व्हावं, त्यांचा कस लावणारं असावं, समाजाला त्याचा खरा उपयोग व्हावा, त्यातून पुढची वाट मिळावी, ते रोजच्या जगण्यात रुजावं, आणि केलेल्या कामावर विचार व्हावा. सोमनाथ, निर्माण, पुकार यांच्या कामात यातल्या बऱ्याच गोष्टी आपल्याला दिसतात. आपण त्या लिहून काढून इतर संस्थांच्या हाती दिल्या नाहीत, ही खरी उणीव.

संस्थांना काय द्यायचं?

पहिली गरज कार्यक्रम अधिकाऱ्याची. शंभर विद्यार्थ्यांच्या एककाला एक प्राध्यापक, तोही अध्यापन, परीक्षा आणि कागदपत्रं सांभाळून. त्याला तासिकांत सवलत हवी. गटचर्चा कशी घ्यावी, गावाशी कसं बोलावं, याचं प्रत्यक्ष शिबिरातलं प्रशिक्षण हवं.

दुसरी गरज शेजाऱ्याच्या नजरेची. एका महाविद्यालयाच्या अधिकाऱ्यानं आणि दोन विद्यार्थ्यांनी दुसऱ्याच्या शिबिरात दोन दिवस राहावं, मोकळेपणानं निरीक्षणं सांगावीत. ही तपासणी नव्हे, त्यामुळे लपवाछपवीही होणार नाही.

तिसरी गरज रात्रीच्या आढावा बैठकीची. सांस्कृतिक कार्यक्रमाआधी अर्धा तास पुरे. आज काय जमलं नाही, गावकरी काय म्हणाले, उद्या काय बदलायचं, हे विद्यार्थ्यांनी बोलायचं आणि दुसऱ्या दिवशीचा बेत त्यानुसार खरोखर बदलायचा. बदल होत नसेल तर मुलं तिसऱ्या दिवशी बोलणं सोडतात.

चौथी गरज गावाच्या मताची. शिबिरानंतर सहा महिन्यांनी ग्रामसभेत विचारावं: काय टिकलं, काय वाया गेलं, पुन्हा यावं का? ते उत्तर अहवालाला जोडणं विद्यापीठांनी सक्तीचं करावं.

निधी देणाऱ्यांनी, मग ते सरकार असो वा कंपन्यांचे सामाजिक निधी, एका वर्षाऐवजी तीन वर्षांसाठी एकाच गावाला बांधून घ्यावं. फसलेल्या प्रयोगाची प्रामाणिक नोंद करणाऱ्या संस्थेचा निधी कापू नये, नाहीतर सगळेच अहवाल यशस्वी निघतील आणि कुणीच काही शिकणार नाही.

अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांना नुसतं राबवून घेणं सोपं आहे. त्यांच्यावर निर्णय सोपवणं, त्यांच्या चुकांना जागा देणं आणि गावासमोर त्यांना उत्तरदायी करणं अवघड आहे. पण नागरिक घडतो तो याच अवघड भागात. येत्या शिबिराचं नियोजन करणाऱ्या प्रत्येक संस्थेनं तारीख ठरवण्याआधी विद्यार्थ्यांना घेऊन एकदा गावात जावं. सुधारणेची सुरुवात तिथूनच होईल.