गालातली गाठ, चेहऱ्याची नस

कानाच्या पाळीखाली, जबड्याच्या कोपऱ्याशी सावकाश वाढणारी गाठ सहसा दुखत नाही. म्हणूनच ती दाखवायला लोक वर्षानुवर्षे चालढकल करतात. अखेर गेले, की डॉक्टर गाठ चाचपतात आणि लगेच सांगतात : भुवया उंचवा, डोळे घट्ट मिटा, गाल फुगवा, दात दाखवा. ही परीक्षा गाठीजवळून जाणाऱ्या नसेची असते. पुढे शस्त्रक्रिया ठरली, तर तीही बव्हंशी त्या नसेभोवतीच फिरते.

ही गाठ असते पॅरोटिड ग्रंथीत. मोठ्या लाळग्रंथींच्या तीन जोड्यांपैकी ही सर्वांत मोठी, वजनाने साधारण १५ ते ३० ग्रॅम. गालगुंडात सुजते ती हीच. तिची पातळ लाळ सुमारे ५ सेंटिमीटर लांबीच्या नळीतून वरच्या दाढांसमोर, गालाच्या आतल्या बाजूला उतरते. निल्स स्टेन्सन या डॅनिश विद्यार्थ्याला ही नळी १६६० मध्ये ॲमस्टरडॅमला मेंढीच्या डोक्याचे विच्छेदन करताना सापडली. पुढे खडकांच्या थरांचा अर्थ लावून ज्याने भूशास्त्राचा पाया घातला, तो स्टेनो हाच.

कानामागच्या हाडातल्या बारीक छिद्रातून चेहऱ्याची नस बाहेर पडते आणि सरळ या ग्रंथीत शिरते. आतच तिला पाच मुख्य फांद्या फुटतात. कपाळ, पापण्या, गाल, खालचा ओठ आणि मान यांचे स्नायू त्यांच्या हुकमतीत असतात. विशेष म्हणजे पॅरोटिडच्या लाळेशी या नसेचे काही देणेघेणे नाही. तिची फक्त वाट इथून जाते. ग्रंथीचा नसेच्या बाहेरचा भाग आणि आतला भाग अशी विभागणी पुस्तकात असते, पण संत्र्याच्या फोडी सुटाव्यात तसे ते दोन भाग सुटत नाहीत. ही सीमा सर्जनला स्वतःच आखत जावी लागते.

लाळग्रंथींच्या दर १० गाठींतल्या साधारण ८ पॅरोटिडमध्ये होतात आणि त्यांतल्या बहुतांश साध्या, म्हणजे कर्करोगाच्या नसतात. सर्वाधिक आढळणारी गाठ म्हणजे प्लिओमॉर्फिक ॲडेनोमा. साधी म्हणून तिला हलक्यात घेणे मात्र महागात पडते. तिचे आवरण जागोजागी विरळ असते आणि त्यातून छोटे फुगवटे बाहेर आलेले असतात. एके काळी नस वाचावी म्हणून आवरणाला छेद देऊन फक्त आतला गर काढून घेत. मागे राहिलेल्या पेशींतून कित्येक वर्षांनी गाठ परत येई, तीही एक नव्हे, अनेक. अशा वेळी जुन्या व्रणात अडकलेली नस शोधणे पहिल्यापेक्षा कितीतरी अवघड. गाठ तशीच राहू दिली तर काही जणांत तिचा कर्करोग होतो. म्हणून आता गाठीबरोबर भोवतालची निरोगी ग्रंथीही काढतात.

छेद कानासमोरून सुरू होतो, पाळीखालून वळतो आणि मानेच्या घडीत उतरतो. व्रण भरला की फारसा दिसत नाही. मग शोध नसेच्या मुख्य खोडाचा. कानाच्या कूर्चेचे आत वळलेले टोक ही एक खूण. नस त्याच्या साधारण १ सेंटिमीटर खाली आणि आत मिळते. चेहऱ्याच्या स्नायूंत बारीक तारा बसवून नसेवर यंत्राचीही नजर ठेवता येते. त्यासाठी भूलतज्ज्ञाला स्नायू शिथिल करणारी औषधे जपून वापरावी लागतात, नाहीतर यंत्राला काहीच कळत नाही. खोड मिळाले, की एकेका फांदीवरून ग्रंथी उचलत जायची. घाईला इथे जागाच नाही. एवढे जपूनही ओठ किंवा पापणी काही आठवडे, कधी काही महिने दुबळी राहू शकते. साध्या गाठीत ती बहुतेकदा सुधारते. पाळीचा बधिरपणा मात्र अनेकांना कायम जाणवतो.

कर्करोगाने नसेलाच वेढले असेल, तर तिचा भाग कापावा लागतो. अमेरिकेचा विख्यात बेसबॉलपटू टोनी ग्विन याच्या चेहऱ्याची एक बाजू अशा उपचारांनंतर लुळी पडली. २०१४ मध्ये, वयाच्या ५४ व्या वर्षी तो गेला. अनेक वर्षे तोंडात धरलेल्या तंबाखूला तो स्वतः दोष देत असे. तोंडाच्या कर्करोगाशी तंबाखूचे नाते पक्के आहे, तसे पॅरोटिडच्या कर्करोगाशी सिद्ध झालेले नाही. धूम्रपानाशी ठाम संबंध दिसतो तो वॉर्थिन नावाच्या साध्या गाठीचा.

एक पॅरोटिड गेली म्हणून तोंड कोरडे पडत नाही. उरलेल्या ग्रंथी काम भागवतात. नवल घडते ते काही महिन्यांनी. जेवायला बसले, की शस्त्रक्रिया झालेला गाल लाल होतो आणि त्यावर घाम फुटतो. पोलंडच्या मज्जाविकारतज्ज्ञ लुत्सिया फ्राय यांनी पॅरोटिडजवळ गोळी लागलेल्या एका रुग्णात हे पाहिले आणि १९२३ मध्ये त्याची मीमांसा मांडली. ग्रंथीला लाळेचा हुकूम देणारे तंतू तुटल्यावर पुन्हा वाढू लागतात. ग्रंथी जागेवर नसते, म्हणून ते कातडीतल्या घर्मग्रंथींना जाऊन जुळतात. दोन्ही ग्रंथींना समजणारे रसायन एकच, ॲसिटिलकोलिन. त्यामुळे घासाच्या वासाने निघालेला लाळेचा हुकूम घामाच्या रूपात अमलात येतो. ज्यू असलेल्या फ्राय यांचा १९४२ मध्ये ल्वूवमध्ये नाझींच्या संहारात बळी गेला. त्यांचे नाव आज या विकाराला आहे.

याची कल्पना रुग्णाला आधीच द्यायला हवी. नाहीतर गाल ओला झाला, की जखम फुटली या धास्तीने तो जेवणच टाळू लागतो. निदान सोपे आहे. गालावर आयोडीन लावून वर पिष्टाची पूड भुरभुरायची आणि लिंबाची फोड चोखायला द्यायची. घाम येईल तिथे कातडी निळी-काळी होते. पुष्कळांना हा घाम इतका थोडा येतो, की उपचारांची गरजच नसते. त्रास होत असेल, तर तेवढ्याच भागात बोटुलिनम टॉक्सिनची इंजेक्शने देतात. ते ॲसिटिलकोलिन सुटू देत नाही, घाम थांबतो. परिणाम काही महिने, कधी वर्षाहून अधिक टिकतो आणि ओसरला, की इंजेक्शन पुन्हा घेता येते.