पूल हलला म्हणजे कच्चा झाला?

28 फेब्रुवारी 2024 रोजी वर्धा–कळंब हा सुमारे 39 किलोमीटरचा रेल्वेमार्ग सुरू झाला आणि चिंतामणीच्या कळंबला ब्रॉडगेज गाडी आली. वर्धा नदी ओलांडूनच ती येते. पुलांचा विषय निघाला की हमखास ऐकू येतं, ‘जड गाडी गेली की पूल हलतो, म्हणजे काम कच्चं.’

हा गैरसमज आधी जायला हवा. भार आला की गर्डर दबणारच. तो हिशेब धरूनच पूल बांधतात. रस्त्यांवरच्या पुलांसाठी इंडियन रोड्स काँग्रेस वाहनांच्या भाराखाली गाळ्याच्या लांबीच्या आठशेव्या भागाइतकं वाकणं चालवून घेते. 40 मीटरच्या गाळ्याला ते 50 मिलिमीटर होतं. खरा प्रश्न आहे, भार उतरल्यावर पूल जागेवर येतो का? भारचाचणीत भार काढल्यावर 24 तासांत साध्या आरसीसी पुलाने किमान 75 टक्के आणि प्रीस्ट्रेस्ड पुलाने 85 टक्के वाकणं भरून काढावं लागतं.

हे वाकणं नदीकाठी कॅमेरा ठेवूनही मोजता येतं. ‘पण काठावरच्या कॅमेऱ्याला मिलिमीटर कुठून दिसणार?’ दिसतात. गर्डरवर काळ्या-पांढऱ्या चौकटींची खूण चिकटवतात. चौकटीची लांबी ठाऊक असल्याने एक पिक्सेल म्हणजे किती मिलिमीटर ते ठरतं. चौकटीच्या कडेची जागा संगणक पिक्सेलच्याही अंशापर्यंत काढतो. वाऱ्याने तिपाई थरथरली तर? त्यासाठी न हलणारी एक खूण त्याच चित्रात हवी. ती नसेल, तर मोजमापावर मी विश्वास ठेवणार नाही.

वाकणं लेसरनेही मोजतात, पण लेसर कधीच चुकत नाही, असंही समजू नये. त्याचं अंतरमापक किरणाच्या दिशेतली हालचाल नेमकी टिपतं. आडव्या हालचालीला कॅमेरा बरा. आणि विदर्भातल्या मे महिन्याच्या दुपारी तापलेल्या हवेत किरण वाकतो, खूणही नाचते. शिवाय तापमान 30 अंशांनी चढलं, तर 30 मीटरचा पोलादी गर्डर नुसत्या उन्हाने सुमारे 11 मिलिमीटर लांबतो. म्हणून मोजणी पहाटे करावी आणि प्रत्येक आकड्याशेजारी तापमान लिहावं.

आता सगळ्यात घातक समजूत: यंत्रं बसवली की काळजी मिटली. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीच्या पुरात ब्रिटिशकालीन दगडी पूल कोसळला, एसटी बस वाहून गेल्या. अशा पुरात पाण्याखाली पायाभोवतीची माती खरवडली जात असेल, तर वरचा कॅमेरा ती पाहू शकत नाही. खांब कलू लागला, तरच त्याला कळतं. ते आधीच कळावं म्हणून पाणबुडे किंवा सोनार लावून नदीचा तळच तपासावा लागतो, विशेषतः प्रत्येक मोठ्या पुरानंतर.