यकृतशोथ, व्हायरसजन्य : औषधे व अल्कोहॉल यांचा संबंध

व्हायरसांच्या संसर्गामुळे यकृतास येणाऱ्या दाहयुक्त सुजेस ‘व्हायरसजन्य यकृतशोथ’ म्हणतात. ए, बी, सी, डी व ई हे त्यास कारणीभूत होणारे प्रमुख व्हायरस होत. पैकी ए व ई हे मुख्यत्वे दूषित पाणी व अन्न यांतून, तर बी, सी व डी हे रक्त व इतर शरीरद्रव यांतून पसरतात. दिल्लीत १९५५-५६ मध्ये यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळल्यामुळे सु. २९,००० लोकांना ⇨ कावीळ झाली. ही साथ ए प्रकारची असावी असा समज पुष्कळ वर्षे होता. जतन केलेल्या रक्तरसांच्या तपासणीचे निष्कर्ष १९८० मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा तो खोटा ठरला. या कामात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेचाही वाटा होता. साथीचा कारक पुढे ई व्हायरस म्हणून ओळखला गेला. गर्भारपणाच्या अखेरच्या तिमाहीत या प्रकाराचा मृत्युदर २० ते २५ टक्क्यांपर्यंत जातो.

आतड्यात शोषलेली बहुतेक द्रव्ये प्रवेशी नीलेतून प्रथम यकृतात येतात. पुष्कळशी औषधे वसाविद्राव्य असल्याने मूत्रावाटे सहज बाहेर पडत नाहीत. यकृत कोशिकांतील एंझाइमे, विशेषतः सायटोक्रोम पी-४५० गट, त्यांचे ऑक्सिडीभवन करतात. नंतर ग्लुकुरॉनिक अम्लासारखा रेणू जोडला जाऊन ती जलविद्राव्य होतात. तीव्र यकृतशोथात पहिली क्रिया अधिक मंदावते, दुसरी बव्हंशी टिकून राहते. म्हणूनच डायाझेपाम हे झोपेचे औषध अशा रुग्णाच्या शरीरात नेहमीपेक्षा बराच काळ रेंगाळते, तर केवळ दुसऱ्या क्रियेवर विसंबणाऱ्या लोराझेपामाच्या बाबतीत फारसा फरक पडत नाही.

मात्र या रूपांतराने विषाचा निरास होतोच असे नाही. कधीकधी विष निर्माणही होते. पॅरासिटामॉलाचा अल्पांश पी-४५० एंझाइमांमुळे एका घातक संयुगात बदलतो व ग्लुटाथायोन त्यास निष्प्रभ करते. मात्रा फार झाल्यास ग्लुटाथायोनाचा साठा संपतो आणि यकृत कोशिकांचा नाश होतो. अल्कोहॉलापासूनही प्रथम ॲसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य तयार होते व नंतर त्याचे ॲसिटिक अम्लात रूपांतर होते. नित्य मद्यपानाने घातक संयुग बनविणारे एंझाइम वाढते आणि ग्लुटाथायोन घटते. त्यामुळे मद्यपी व्यक्तीस पॅरासिटामॉलाची एरवी सोसणारी मात्राही धोक्याची ठरू शकते. बी किंवा सी चा चिरकारी संसर्ग असता मद्यपानाने यकृत सूत्रण रोग लवकर जडतो.

ए व ई यकृतशोथ बहुधा काही आठवड्यांत आपोआप बरे होतात. गळ्यात माळ घालून वा चुन्याच्या पाण्याने हात धुऊन कावीळ ‘उतरविणाऱ्यांस’ यश लाभते ते यामुळेच. माळ निरुपद्रवी असते. पोटात दिल्या जाणाऱ्या अज्ञात मुळ्यांविषयी तसे म्हणता येत नाही, कारण त्यांतील द्रव्यांचे रूपांतरही त्याच आजारी यकृतास करावे लागते.

क्षयावरील आयसोनियाझीड, रिफँपिसीन व पायराझिनामाइड या औषधांनीही यकृतशोथ होऊ शकतो. लक्षणांवरून तो व्हायरसजन्य प्रकाराहून वेगळा ओळखता येत नाही. बी वा सी चा संसर्ग असलेल्यांत ही शक्यता अधिक असते. अन्नावरची वासना उडणे, मळमळ व गडद मूत्र ही लक्षणे पुष्कळदा डोळे पिवळे होण्यापूर्वी दिसतात. त्याच वेळी रक्ततपासणी करून औषधे थांबवावयाची की नाही, हे चिकित्सकाने ठरवावे लागते.