बोटभर लांबीचा सांधा

माउंटन बाइक घेताना लोक सस्पेन्शन पाहतात, गिअर मोजतात, ब्रेक दाबून बघतात. हँडलला सायकलशी जोडणाऱ्या स्टेमकडे सहसा कोणी वळून पाहत नाही. चिमट्याची (पुढचे चाक धरणाऱ्या फोर्कची) वर आलेली नळी त्याच्या एका तोंडात आणि हँडलची दांडी दुसऱ्या तोंडात घट्ट धरलेली असते. आजच्या बहुतेक डोंगरी सायकलींवर त्याची लांबी ३५ ते ५० मिलिमीटर, म्हणजे जेमतेम बोटभर भरते. पण माउंटन बाइक कशी घडत गेली हे समजून घ्यायचे तर या तुकड्यासारखा दुसरा साक्षीदार नाही. तो तोकडा होत गेला आणि त्याच्यापायी अख्खी सायकल बदलली.

कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत, फेअरफॅक्स गावाजवळच्या एका मातीच्या उतारावर २१ ऑक्टोबर १९७६ रोजी पहिली ‘रीपॅक’ शर्यत झाली. उतरताना मागच्या चाकाच्या ब्रेकमधले ग्रीस तापून जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे, त्यावरून हे नाव पडले. सायकली होत्या १९३०-४० च्या काळातल्या, जाड टायरच्या आणि वजनदार. सायकल-निर्माते टॉम रिची यांनी पुढे ‘बुलमूस’ हँडल बनवले: स्टेम आणि हँडल एकत्र वेल्ड केलेला पोलादी त्रिकोण. उतारावर हँडल फिरण्याचा धोका त्याने कायमचा मिटवला, पण स्टेमची लांबी किंवा हँडलचा कोन बदलण्याची सोयही त्याबरोबर गेली.

ऐंशीच्या दशकात या खेळात शर्यतींना महत्त्व आले. चढ वेगाने चढायचा तर अंग पुढे झुकवावे लागते आणि पुढचे चाक जमिनीला दाबून धरावे लागते. त्यासाठी रोड सायकलवरची बैठक जशीच्या तशी उचलली गेली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला १२० ते १५० मिलिमीटरचा स्टेम आणि ५६०-५८० मिलिमीटरचे अरुंद हँडल ही सर्रास आढळणारी जोडी होती. फ्रेम आखूड होत्या, ती कसर स्टेमने भरून काढली.

ही जोडी उतारावर का घात करते, हे साध्या भूमितीतून कळते. हँडल वळते चिमट्याच्या नळीभोवती, पण लांब स्टेममुळे हात त्या आसाच्या बरेच पुढे जातात. हँडल ५८० मिलिमीटरचे आणि स्टेम १३० चा धरला, तर आसापासून मुठीकडे जाणारी रेषा सुमारे २४ अंश पुढे कललेली असते. म्हणजे वळताना हात नुसते पुढे-मागे न होता आडवेही सरकतात. ७८० मिलिमीटरचे हँडल आणि ४० चा स्टेम घेतला तर तोच कल जेमतेम ६ अंश राहतो. (हँडलचा मागचा बाक मी इथे सोडून दिला आहे, तो धरला तर मुठी आसाच्या आणखी जवळ येतात.) हात सरळ पुढे-मागे हलले की चाकाचा प्रत्येक धक्का नेमका कळतो आणि त्याला लगेच उत्तर देता येते. शिवाय तीव्र उतारावर, दगडाला अडून पुढचे चाक क्षणभर थबकले, तर लांब स्टेमवर पुढे ओणवलेला स्वार हँडलवरून पलीकडे जायला वेळ लागत नाही.

स्टेम लहान व्हायच्या आधी त्याची जोडणी बदलावी लागली. जुना ‘क्विल’ स्टेम चिमट्याच्या नळीच्या आत उतरायचा आणि आतल्या पाचरीने आवळला जायचा. नळीला बाहेरून आटे असत, त्यांवर हेडसेटचे, म्हणजे नळी ज्या बेअरिंगवर फिरते त्या जोडणीचे, दोन नट. दगडांवर आदळून ते सैल होत, आणि कसायला ३२ किंवा ३६ मिलिमीटरचे दोन रुंद पाने लागत. ते रानात कोण घेऊन जाणार? घाम आणि पाणी झिरपून स्टेम आत गंजून बसला तर तो निघता निघत नसे.

यावरचा तोडगा जॉन रेडर यांनी काढला. १९९२ मध्ये त्यांना त्याचे अमेरिकी पेटंट मिळाले आणि डाय-कॉम्पे कंपनीने तो ‘अहेडसेट’ नावाने बाजारात आणला. नळीवरचे आटे गेले, स्टेमच बाहेरून नळीला मिठी मारू लागला. वरच्या टोपीचा बोल्ट स्टेमला खाली दाबतो, त्या दाबाने बेअरिंगमधली ढिलाई निघते, मग बाजूचे बोल्ट आवळले की तो दाब तिथेच कायम राहतो. एका षटकोनी ॲलन कीवर वाटेतच सगळे काम होते. सायकलीच्या इतिहासातल्या सगळ्यात सुंदर यांत्रिक कल्पनांमध्ये मी हिची गणना करतो. भाग कमी झाले, वजन घटले, मजबुती वाढली. यात तोटा शोधावा लागतो. तो असा की हँडलची उंची आता वाटेल तेवढी वर ओढता येत नाही. नळी एकदा कापली की स्पेसरच्या चकत्यांत काय ते भागवायचे.

मग लांबीचा प्रश्न उरला. नुसता स्टेम तोकडा केला तर स्वार आखूड फ्रेममध्ये कोंबला जातो आणि चढावर पुढचे चाक उचलते. म्हणून स्टेममधून कापलेले मिलिमीटर फ्रेममध्ये घालावे लागले. सायकल-निर्माते गॅरी फिशर यांनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ‘जेनेसिस’ भूमितीत हेच केले: वरची नळी लांब, स्टेम आखूड. स्पेनच्या माँड्रेकरने २०१३ च्या सायकलींत ‘फॉरवर्ड जॉमेट्री’ आणली आणि स्टेम थेट १० मिलिमीटरवर नेला. तेव्हा ते टोकाचे वाटले. आज चिमट्याचा कोन ७१ अंशांवरून ६४-६५ वर आला आहे, हँडल ७६०-८०० मिलिमीटर झाले आहे आणि फ्रेम लांबल्या आहेत. १० मिलिमीटरचा स्टेम टिकला नाही, पण त्यामागचा विचार साऱ्या उद्योगाने उचलला.

स्टेम आणखी आखूड का होत नाही, याला धातूचे उत्तर आहे. नळीचा व्यास २८.६ मिलिमीटर आणि हँडलचा मधला व्यास ३१.८. दोघांच्या त्रिज्या मिळूनच ३०.२ होतात, त्यात भिंतीची जाडी वेगळी. ३५ मिलिमीटरचे जाड हँडल घेतले तर ती बेरीज ३१.८ वर जाते. त्याहून जवळ यायचे तर हँडल नळीच्या डोक्यावर चढवावे लागते.

घडण दोन तऱ्हेची. बहुतेक स्टेम ॲल्युमिनियम ठोकून घडवलेले असतात, तर महागडे ठोकळ्यातून यंत्रावर कोरून काढलेले. विमान उद्योगासाठी सुटे भाग बनवणाऱ्या अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या थॉमसन कंपनीचे कोरीव स्टेम यासाठी नावाजले गेले. चांगला स्टेम हँडलच्या तोंडाशी पाहून ओळखावा. तिथल्या कडा गोलसर हव्यात, नाहीतर त्या कार्बनच्या हँडलमध्ये रुततात आणि तडा तिथूनच सुरू होतो. आयएसओ ४२१० या मानकात हँडल आणि स्टेम एकत्र बसवून भार देतात, आधी दोन्ही टोकांना उलटसुलट आणि मग एकाच दिशेने, प्रत्येकी एक लाख वेळा.

निवडताना लांबीइतकाच कोन पाहावा. ६ अंशांचा स्टेम उलटा बसवला तर हँडलची उंची बदलते. १०० मिलिमीटरच्या स्टेमवर सुमारे २० मिलिमीटर, ५० च्या स्टेमवर त्याच्या निम्मी. क्रॉस-कंट्रीचे शर्यतपटू अजूनही ६० ते ९० मिलिमीटरचे स्टेम वापरतात, आणि २९ इंची चाकांनी पुढचा भाग उंच झाल्याने बरेच जण ते खाली झुकलेले लावतात. स्वित्झर्लंडचा नीनो शुर्टर तर सिंक्रोसचे कार्बनचे एकसंध हँडल-स्टेम वापरत असे. बुलमूसची कल्पनाच परतली, फक्त पोलादाऐवजी कार्बनमध्ये.

आपल्याकडे सह्याद्रीत मुरमाच्या उतारावर आणि जांभ्याच्या पायऱ्यांवर सायकल चालवणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच. लांब स्टेमऐवजी ५० चा लावणे हा स्वस्त आणि चांगला बदल आहे, मात्र त्याबरोबर रुंद हँडल घ्या. बसवताना आधी टोपीचा बोल्ट ढिलाई जाण्यापुरताच कसा, चाक सरळ करा आणि मग बाजूचे बोल्ट स्टेमवर छापलेल्या टॉर्कइतके, साधारण ५ न्यूटन-मीटर, आलटून पालटून आवळा. टोपी हँडल धरून ठेवत नाही. ते काम बाजूच्या बोल्टांचे आहे. आणि नवी सायकल घेताना दुकानदाराला आधी फ्रेमचा रीच, म्हणजे पेडलच्या आसापासून फ्रेमच्या पुढच्या नळीच्या माथ्यापर्यंतचे आडवे अंतर, विचारा. चुकीच्या मापाची फ्रेम कोणत्याही स्टेमने बरोबर होत नाही.