पोर्टची परवानगी आणि परवानगीची मर्यादा

मुंबई विद्यापीठाच्या २०१९च्या अभ्यासक्रमात कॉम्प्युटर शाखेच्या चौथ्या सत्रात मायक्रोप्रोसेसर आणि ऑपरेटिंग सिस्टीम हे दोन्ही विषय येतात. ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यातल्या संलग्न महाविद्यालयांत एका प्रात्यक्षिकाला ८०८६च्या असेंब्लीत ‘आउट’ लिहिलं की बाइट सरळ पोर्टवर जातो. लिहिणारा कोण, हे ८०८६ला कळतच नाही. तेच ‘आउट’ लिनक्सवरच्या साध्या प्रोग्रॅममध्ये घातलं की ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ येतो आणि प्रोग्रॅम मरतो. हा संदेश दिशाभूल करणारा आहे, कारण मेमरीत कुठेच चुकीचा हात गेलेला नसतो. प्रोसेसरने परवानगी नाकारलेली असते आणि कर्नेल त्या नकाराला नेहमीच्याच सिग्नलचं रूप देतो. दोन विषयांच्या मधला सांधा इथे आहे.

८०३८६पासून ही दोन टप्प्यांची तपासणी प्रोसेसरच करतो. आधी फ्लॅग रजिस्टरमधले आयओपीएलचे, म्हणजे इनपुट-आउटपुटच्या अधिकारपातळीचे, दोन बिट पाहिले जातात. तिथे अडलं तर टीएसएसमधला, म्हणजे टास्कच्या स्थितीच्या नोंदीतला, बिटमॅप: ६५,५३६ पोर्ट, प्रत्येकाला एक बिट, म्हणजे ८,१९२ बाइट. बिट शून्य असेल तर वाट मोकळी, एक असेल तर बंद. लिनक्समध्ये प्रोसेसने ‘आयओपर्म’ या सिस्टीम कॉलने परवानगी मागितल्यावरच तिच्यासाठी असा बिटमॅप तयार होतो, आणि मागायलाही ‘कॅप-सिस-रॉआयओ’ हा अधिकार, म्हणजे व्यवहारात रूट, लागतो. त्या दोन बिटांच्याच नावाचा ‘आयओपीएल’ हा कॉल त्याचा आडदांड भाऊ: एका कॉलमध्ये सगळे पोर्ट खुले, आणि पूर्वी इंटरप्ट बंद करण्याची मुभासुद्धा. एक बेपर्वा प्रोग्रॅम अख्खं मशीन गोठवू शकत असे. जानेवारी २०२०च्या ५.५ आवृत्तीत ही मुभा काढली. तोवर ती का राहिली, याचं मला नवल वाटतं.

रचना देखणी आहे, पण ती चुकीच्या प्रश्नाचं उत्तर देते, असं माझं म्हणणं आहे. बिटमॅपला पोर्टचा क्रमांक कळतो, परिणाम कळत नाही. हेक्समधल्या ६४ क्रमांकाच्या पोर्टवर कीबोर्ड कंट्रोलर बसतो. तिथे ‘एफई’ हा बाइट लिहिला की पीसी रिसेट होतो. कीबोर्डची स्थिती वाचण्यासाठी दिलेला तोच एक बिट मशीन पाडायलाही पुरतो. शिवाय एकच पोर्ट दोन प्रोसेसना मिळाला तर पाळी कोणाची, हे बिटमॅप ठरवत नाही. ही दोन्ही कामं ड्रायव्हरची; पोर्ट त्याच्यामार्फतच द्यावा.

यावर वागळे इस्टेट किंवा डोंबिवली एमआयडीसीतला लहान कारखानदार म्हणेल, की पॅरलल पोर्टवर चालणारं जुनं यंत्र आहे, हेक्स ३७८पासूनचे तीनच पोर्ट हवेत, त्यासाठी ड्रायव्हर कोण लिहून देणार? आक्षेप रास्त आहे. नवं यंत्र घ्या, असा सल्ला देणं सोपं. बिल त्यालाच भरावं लागतं. पण पॅरलल पोर्टपुरता ड्रायव्हर लिनक्समध्ये आधीच आहे: ‘पीपीडेव्ह’. तो पोर्टला फाइलचं रूप देतो. फाइलवर नेहमीच्या परवानग्या लागतात, आणि वापरण्याआधी पोर्ट ‘क्लेम’ करावा लागत असल्याने पाळीचाही प्रश्न सुटतो. रूट लागत नाही. दुसरा आक्षेप वेगाचा: मोटरच्या पल्सला मधला सिस्टीम कॉल परवडेल का? जुन्या धाटणीच्या पोर्टवर एक बाइट लिहायलाच साधारण एक मायक्रोसेकंद जातो, त्यापुढे सिस्टीम कॉलचा खर्च डोईजड नाही. आणि शेड्युलरने प्रोसेस मधेच बाजूला ठेवली, तर थेट पोर्ट हातात असूनही पल्स चुकणारच. तिथे रिअल-टाइम कर्नेल लागतो. बिट उघडून वेळ मिळत नाही.

२०१९च्या ५.४ आवृत्तीपासून ‘लॉकडाउन’ चालू असलेला कर्नेल आयओपर्म रूटलाही नाकारतो. पीपीडेव्हची फाइल मात्र तिथेही उघडता येते.