बातमीदाराचा पगार : किती आणि कशाचा?

पत्रकारितेचे रीतसर शिक्षण घेण्यासाठी मराठवाड्यातील तरुणाला आता पुण्या-मुंबईची वाट धरावीच लागते असे नाही. १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेड येथे स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात माध्यमशास्त्र संकुल आहे आणि नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली या चार जिल्ह्यांतील विद्यार्थी तेथे बातमी लिहिण्यापासून दृक्‌श्राव्य माध्यमांपर्यंतचे धडे गिरवतात. मात्र पहिली नोकरी कोठे शोधायची आणि तिच्यात महिन्याकाठी हातात काय पडेल, या दोन प्रश्नांची उत्तरे कोणत्याही अभ्यासक्रमात सापडत नाहीत. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला किंवा तलाठ्याला किती वेतन मिळते हे चहाच्या टपरीवरही मोकळेपणाने बोलले जाते, सोयरीक जुळवताना तर ते आवर्जून विचारले जाते. बातमीदाराचा पगार मात्र त्याच्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या सहकाऱ्यालाही ठाऊक नसतो. मुलगा पेपरात आहे असे सांगितल्यावर ‘ते ठीक, पण करतो काय?’ हा प्रतिप्रश्न ज्या समाजात आजही ऐकू येतो, तेथे या मौनाचे खापर केवळ संकोचावर फोडून चालणार नाही.

या मौनाचे खरे कारण जिल्हा पत्रकारितेच्या अर्थव्यवस्थेत आहे. नांदेडचे ‘प्रजावाणी’ आणि ‘गोदातीर समाचार’ किंवा लातूरचे ‘एकमत’ यांसारखी स्थानिक दैनिके, नांदेडमधून निघणारी उर्दू वृत्तपत्रे, ‘लोकमत’, ‘सकाळ’, ‘पुढारी’ यांसारख्या राज्यव्यापी दैनिकांची जिल्हा कार्यालये आणि अलीकडे उगवलेली यूट्यूब वाहिन्यांची व पोर्टलांची गर्दी, असा नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांतील माध्यमांचा पसारा आहे. त्यातील पगारी जागा मोजक्याच असतात. मोठ्या दैनिकांच्या मराठवाडा आवृत्तीचे मुख्य काम छत्रपती संभाजीनगरात चालते, त्यामुळे बातम्यांचे संपादन करणारे उपसंपादक बहुधा तेथेच बसतात. जिल्ह्याच्या ठिकाणी काही बातमीदार, छायाचित्रकार आणि जाहिरात विभागाची माणसे असतात, आणि किनवट, देगलूर, मुखेड, उदगीर, निलंगा, औसा अशा तालुक्यांतून जो ‘तालुका प्रतिनिधी’ बातम्या पाठवतो, तो बहुतेक वेळा कोणाच्याच हजेरीपटावर नसतो. कोठे त्याला ‘मानधन’ म्हणून ठरावीक पण तुटपुंजी रक्कम मिळते, कोठे केवळ जाहिरातींवरील कमिशन मिळते, तर कोठे ओळखपत्र हीच कमाई समजली जाते. दूरचित्रवाणी वाहिन्यांसाठी काम करणाऱ्या ‘स्ट्रिंगर’ची, म्हणजे नोकरीत नसलेल्या पण बातमीमागे किंवा दृश्यांमागे मोबदला घेणाऱ्या वार्ताहराची, स्थिती यापेक्षा फारशी वेगळी नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातुरात आली तेव्हा देशभरातील वाहिन्यांचे लक्ष या शहराकडे वळले होते. अशा आठवड्यात स्ट्रिंगरला उसंत मिळत नाही, आणि नंतरचे कित्येक महिने त्याच्याकडे दिल्लीहून कोणी काही मागत नाही.

कमिशनवर चालणारे काम नेमके कसे असते हे पुरवणीच्या दिवसांत दिसते. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, दिवाळी, स्थानिक नेत्याचा वाढदिवस, साखर कारखान्याच्या गळीत हंगामाचा शुभारंभ आणि, ‘लातूर पॅटर्न’मुळे शिकवणी वर्गांची बाजारपेठ बनलेल्या लातुरात, नीट परीक्षेचा निकाल हे जाहिरातींचे हंगाम होत. अशा वेळी तालुका प्रतिनिधी बातमी बाजूला ठेवून फोन करत बसतो, शुभेच्छुकांची नावे आणि छायाचित्रे गोळा करतो, कोणत्या नेत्याचा फोटो वर आणि कोणाचा खाली याची खातरजमा करून मजकूर व्हॉट्सॲपवर धाडतो, आणि पुरवणी छापून आल्यावर तिचे अंक व बिल घेऊन वसुलीला निघतो. बिल थकले तर ती थकबाकी अनेक ठिकाणी त्याच्याच नावावर मांडली जाते. ज्या कारखान्याची पानभर जाहिरात त्याने मिळवलेली असते, त्याच कारखान्याने उसाची एफआरपी, म्हणजे शेतकऱ्याला कायद्याने देणे बंधनकारक असलेला रास्त व किफायतशीर दर, थकवल्याची बातमीही पुढे त्यालाच द्यायची असते. ती बातमी लागते की नाही, हे ठरवताना केवळ त्याचे धैर्य पाहून भागत नाही. त्याची त्या महिन्याची कमाई कोणाकडे अडकली आहे हेही पाहावे लागते. म्हणूनच या भागात पगाराविषयी उघडपणे बोलणे म्हणजे एखादा आकडा जाहीर करणे एवढेच नसून, मिळणारा पैसा बातमीचा आहे की जाहिरातीचा, हे आधी स्पष्ट करून घेणे होय.

कायद्याने या प्रश्नाचा विचार फार पूर्वीच केला होता. श्रमिक पत्रकारांच्या सेवाशर्तींसाठी १९५५ मध्ये केंद्रीय कायदा झाला. पत्रकारिता हा ज्याचा मुख्य व्यवसाय आहे आणि जो पूर्णवेळ किंवा अर्धवेळ नोकरीत आहे, तो ‘श्रमिक पत्रकार’ अशी त्याची व्याख्या होती आणि तिच्यात संपादकापासून बातमीदार, व्यंगचित्रकार व मुद्रितशोधक यांच्यापर्यंत सर्वांचा समावेश होता. कोणत्याही सलग चार आठवड्यांत १४४ तासांपेक्षा अधिक काम नको, कामावरून कमी करताना संपादकाला सहा महिन्यांची व इतर पत्रकारांना तीन महिन्यांची पूर्वसूचना हवी, अशा त्या कायद्याच्या तरतुदी होत्या. याच चौकटीत वेतन मंडळे, म्हणजे वृत्तपत्रांतील किमान वेतनमान ठरवणाऱ्या शासननियुक्त समित्या, नेमल्या गेल्या. दिवाटिया, शिंदे, पालेकर, बछावत, मणिसाना आणि मजिठिया अशी ही परंपरा आहे. मजिठिया मंडळाने वृत्तपत्रांची वर्गवारी त्यांच्या उलाढालीनुसार केली, केंद्र सरकारने ११ नोव्हेंबर २०११ रोजी त्याच्या शिफारशी अधिसूचित केल्या आणि मालकांचे आक्षेप फेटाळून सर्वोच्च न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१४ रोजी त्या वैध ठरवल्या. पुढे १९ जून २०१७ च्या निकालात न्यायालयाने कंत्राटी पत्रकारही या शिफारशींना पात्र असल्याचे स्पष्ट केले आणि कमी पगार मान्य असल्याच्या लेखी संमतीच्या आडून किमान वेतनाखाली जाता येणार नाही असेही सांगितले. एवढे सगळे होऊनही ‘मजिठिया’ हा शब्द जिल्ह्याच्या बातमीदाराला बहुधा पत्रकार संघटनांच्या निवेदनांतूनच भेटला.

नोव्हेंबर २०२५ मध्ये चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि १९५५ च्या कायद्याची जागा त्यांनी घेतली. नव्या व्याख्येत दृक्‌श्राव्य व डिजिटल माध्यमांतील पत्रकारही येतात, कर्मचाऱ्याला नियुक्तीपत्र देणे मालकावर बंधनकारक आहे, मासिक वेतन पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यावे लागते आणि इतरांना उपदानासाठी, म्हणजे ग्रॅच्युइटीसाठी, सर्वसाधारणपणे पाच वर्षांची सेवा लागत असली तरी श्रमिक पत्रकाराला तीन वर्षे पुरतात. परंतु हे सारे हक्क नोकरी सिद्ध झाल्यानंतरचे आहेत. ज्याला दरमहा ‘मानधन’ मिळते, ज्याच्याकडे ओळखपत्राखेरीज एकही कागद नाही आणि ज्याच्या बँक खात्यात जमा होणारी रक्कम जाहिरात कमिशन म्हणून दाखवली जाते, त्याला आपण पत्रकार म्हणून नोकरीत होतो हे कामगार न्यायालयात पटवून देणे अवघड जाते. पैशाला दिलेले नाव अशा रीतीने माणसाचा दर्जा ठरवते.

पगारी जागा मिळाली तरी आकडा समजून घ्यावा लागतो. मुलाखतीत ‘पॅकेज’ सांगितले जाते. त्यालाच सीटीसी म्हणतात आणि त्याचा अर्थ कर्मचाऱ्यापायी संस्थेला येणारा एकूण वार्षिक खर्च असा होतो. समजा, एखाद्या नवोदिताला २ लाख ४० हजारांचे पॅकेज देऊ केले. वरवर पाहता महिन्याला २० हजार रुपये होतात. परंतु त्यात संस्थेने भरायचा भविष्यनिर्वाह निधीचा वाटा, १५ हजारांच्या वेतनावर १२ टक्के दराने १,८०० रुपये, आणि कर्मचारी राज्य विम्याचा सव्वातीन टक्के वाटा धरलेला असतो. तो वजा जाता एकूण पगार सुमारे १७ हजार ६०० रुपये उरतो. त्यातून कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या भविष्यनिर्वाह निधीचे १,८००, विम्याचे सुमारे १३० आणि व्यवसायकराचे २०० रुपये कापले गेले की हातात साधारण साडेपंधरा हजार येतात. (महाराष्ट्रात २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या महिलांना व्यवसायकर माफ आहे.) यात फसवणूक काहीच नाही, निधीचे पैसे कर्मचाऱ्याचेच असतात, पण छत्रपती संभाजीनगरात खोलीचे भाडे, मेस आणि दुचाकीचे पेट्रोल यांचा हिशेब २० हजारांवर मांडलेला असेल, तर तो पहिल्याच महिन्यात कोलमडतो. बातमीच्या फेरफटक्याचे पेट्रोल आणि मोबाइलचा खर्च कोण देणार हा प्रश्न तर मुलाखतीत फारच क्वचित विचारला जातो, आणि तरुण बातमीदाराच्या पगाराला सर्वांत मोठी गळती तेथूनच लागते.

अशी जागा सापडते कशी? स्थानिक पातळीवर तिची जाहिरात निघणे दुर्मीळच. एखादा बातमीदार दुसऱ्या पेपरात गेला की रिकाम्या जागेची वार्ता पत्रकार परिषदेनंतरच्या गप्पांत, पत्रकारिता विभागातील प्राध्यापकांकडे किंवा पत्रकारांच्या व्हॉट्सॲप गटात फिरते, आणि निवड बहुधा ओळखीतून होते. याचा तोटा ज्याच्या घरात किंवा नात्यात कोणी या क्षेत्रात नाही, त्याला सर्वाधिक बसतो. उमेदवारीच्या नावाखाली बिनपगारी काम करून घेण्याची रीतही जुनी आहे. ‘आधी काम शिका, मग बघू’ या वाक्यातील ‘मग’ कधी उजाडेल याची तारीख कोणी सांगत नाही.

उघड जाहिरातीने भरल्या जाणाऱ्या जागाही आहेत, मात्र त्यांकडे पत्रकारितेचे विद्यार्थी पुरेसे पाहत नाहीत. आकाशवाणी जिल्ह्याजिल्ह्यांत अंशकालीन वार्ताहर नेमते. राज्याच्या माहिती व जनसंपर्क महासंचालनालयातील माहिती अधिकारी, जिल्हा माहिती अधिकारी अशी पदे लोकसेवा आयोगामार्फत भरली जातात आणि त्यांच्या जाहिरातीत वेतनश्रेणी ठळकपणे छापलेली असते. म्हणजे प्रेसनोट पाठवणाऱ्याचा पगार सर्वांना कळतो आणि तिची बातमी करणाऱ्याचा गुप्त राहतो. नांदेडकरांना हैदराबादचा पर्यायही जवळचा आहे. सन २००० मध्ये रामोजी फिल्म सिटीतून ‘ईटीव्ही मराठी’ सुरू झाल्यावर मराठी पत्रकारांना तेथे काम मिळू लागले आणि २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘ईटीव्ही भारत’मुळे डिजिटल मराठी बातम्यांचे कामही तेथे चालते.

जगात इतरत्र पगाराचे मौन मोडण्याची सुरुवात अनेकदा पत्रकारांनीच केली. जुलै २०१७ मध्ये बीबीसीला दीड लाख पौंडांहून अधिक मानधन घेणाऱ्या कलाकार व पत्रकारांची नावे प्रसिद्ध करावी लागली. त्यातून स्त्री-पुरुषांच्या वेतनातील दरी उघड झाली आणि जानेवारी २०१८ मध्ये चीनविषयक संपादक कॅरी ग्रेसी यांनी ते पद सोडले. बीबीसीने पुढे त्यांची माफी मागून थकीत रक्कम दिली आणि त्यांनी ती स्त्री-समानतेसाठी काम करणाऱ्या संस्थेला देऊन टाकली. अमेरिकेतील पत्रकारांनी २०१९ मध्ये एका सामायिक तक्त्यात नाव न देता आपापले पगार नोंदवले, तर न्यूयॉर्क शहरात नोव्हेंबर २०२२ पासून नोकरीच्या जाहिरातीतच पगाराची किमान व कमाल मर्यादा देणे सक्तीचे झाले. भारतात अशी सक्ती नाही. समान कामासाठी स्त्री-पुरुषांना समान वेतन हे तत्त्व येथील वेतन संहितेतही आहे. परंतु शेजारच्या सहकाऱ्याला किती मिळते हेच ज्या महिला बातमीदाराला माहीत नाही, तिने अन्याय सिद्ध कशाच्या आधारे करायचा, या प्रश्नाला संहितेत उत्तर नाही.

नांदेड-लातूरसारख्या लहान वर्तुळात उघड बोलण्याची जोखीम खरी आहे, कारण येथील संपादक, जाहिरातदार आणि नेते एकमेकांना ओळखतात आणि ‘पैशाचे फार विचारतो’ हा शिक्का लवकर बसतो. त्यामुळे हे ओझे एकट्या नवोदितावर टाकणे अन्यायाचे ठरेल. माध्यमशास्त्र संकुलाला आपल्या माजी विद्यार्थ्यांकडून नावे वगळून पगार, कामाचे तास आणि जाहिरातीच्या उद्दिष्टाची माहिती दरवर्षी गोळा करता येईल आणि शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसमोर ठेवता येईल. पत्रकार संघटना ६ जानेवारीच्या दर्पण दिनी शाल-श्रीफळ देऊन सत्कार करतात; त्याच कार्यक्रमात तालुका प्रतिनिधीच्या मानधनाचा विषय घेतला तर सभागृहातील निम्मे लोक पहिल्यांदाच कान देऊन ऐकतील. ज्येष्ठांनी आपला पहिला पगार किती होता हे कौतुकाने सांगण्याऐवजी आजचा किती आहे ते कनिष्ठांना सांगावे. आणि पहिल्या नोकरीला निघालेल्या तरुणाने किंवा तरुणीने रुजू होण्यापूर्वी नियुक्तीपत्र मागून घ्यावे, त्यात पदनाम, हातात येणारी मासिक रक्कम, प्रवासखर्च आणि जाहिरातीचे उद्दिष्ट आहे की नाही, या चार गोष्टी लिहिलेल्या आहेत का ते पाहावे, आणि थकलेल्या बिलांची जबाबदारी आपल्यावर येणार असेल तर ती अट सही करण्याआधी खोडून घ्यावी.