पणजोबा, तुमचं गाव कोणतं?

शनिवारी सकाळी लवकर उठायचं, तयार व्हायचं आणि पब्लिक लायब्ररीच्या हॉलमध्ये जाऊन दीडशे वर्षांपूर्वीच्या जन्माच्या नोंदी वाचत बसायचं! ऐकूनच जांभई आली ना? पण न्यूयॉर्क, न्यू जर्सी, शिकागो परिसरातल्या कितीतरी इटालियन-अमेरिकन मंडळींचा हा फेव्हरिट वीकेंड प्लॅन आहे. हातात कॉफी, समोर लॅपटॉप आणि टेबलाभोवती आठ-दहा जण. विषय एकच, आपला पणजोबा नेमका कुठला होता?

या उद्योगाला भारदस्त नाव आहे जीनिऑलॉजी. आपल्या भाषेत वंशावळ शोधणं. त्र्यंबकेश्वरला गेल्यावर तीर्थोपाध्याय जाड वही काढतात आणि खापरपणजोबांपर्यंत नावं वाचून दाखवतात, तेव्हा अंगावर काटा येतो की नाही? तसाच काटा. फरक एवढाच की तिथे वही काढून द्यायला कुणी नसतं. ती स्वतःच शोधावी लागते, तीही समुद्रापलीकडे.

आडनाव आहे, पत्ता नाही

१८८० ते १९२४ या काळात सुमारे ४० लाख इटालियन माणसं अमेरिकेत उतरली. त्यातली बहुतेक दक्षिणेकडची: सिसिली, कॅलाब्रिया, नेपल्सच्या आसपासची. शेतमजूर, न्हावी, गवंडी, मोची. १९२४ च्या कायद्याने अमेरिकेने दार जवळजवळ बंद केलं. आज त्यांची चौथी-पाचवी पिढी ऑफिसात तुमच्या-आमच्यासारखीच डेडलाइनशी झुंजतेय. न्यू जर्सीत नोकरी करणारे तुमचे मित्र असतील तर विचारा, शेजारच्या क्युबिकलमध्ये एखादा रुसो किंवा एस्पोझितो बसलेला असण्याची शक्यता बरीच आहे. त्याला आजीचा टोमॅटो सॉस पाठ असतो, दोन-चार इटालियन शिव्याही येतात. पण गाव? ते मात्र ‘नेपल्सच्या जवळपास कुठेतरी’.

आणि इथेच गाडी अडते. पणजोबा ‘इटली’तून आले, एवढ्याने काही म्हणजे काही होत नाही. एकसंध इटली जन्मालाच आली १८६१ मध्ये. माणसाची ओळख असायची ती त्याच्या गावाची. जन्म, लग्न, मृत्यूची नोंद व्हायची ती तिथल्या ‘कोमुने’त, म्हणजे आपल्या ग्रामपंचायत-नगरपालिकेसारख्या कचेरीत. आजही इटलीत असे सुमारे ७,९०० कोमुने आहेत. गावाचं नाव नसेल तर नुसत्या आडनावावर शोधणं म्हणजे ‘महाराष्ट्रातले पाटील’ शोधण्यासारखं!

म्हणून ग्रुपमध्ये नव्या मेंबरला मिळणारा पहिला सल्ला असतो, इटली विसरा, आधी घरातला माळा साफ करा. जुनी पत्रं, फोटोच्या मागचा स्टुडिओचा शिक्का, थडग्यावरची अक्षरं, चर्चमधली लग्नाची नोंद. त्यानंतर १९०६ नंतरचे अमेरिकन नागरिकत्वाचे कागद, कारण त्यात जन्मस्थळ लिहिलेलं असतं. आणि मग जहाजाची प्रवासी यादी. १९०७ पासून या यादीत मायदेशातल्या जवळच्या नातेवाइकाचं नाव आणि पत्ताही लिहिला जाऊ लागला. त्या एका रकान्याने कितीतरी जणांची शोधमोहीम मार्गी लागली आहे.

एलिस आयलंडचा फिल्मी किस्सा

प्रत्येक इटालियन-अमेरिकन घरात एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते: ‘आमचं आडनाव ना, एलिस आयलंडवरच्या क्लार्कने बदललं.’ किस्सा झकास आहे, पण खरा नाही. १८९२ मध्ये सुरू झालेल्या या केंद्रावरचे अधिकारी नावं लिहीत नव्हते, पडताळत होते. यादी आधीच बोटीवरून आलेली असायची, ती बनायची नेपल्ससारख्या बंदरात. शिवाय हाताशी दुभाषे असायचे. त्यातला एक फिओरेलो ला गार्दिया, जो पुढे १९३४ मध्ये न्यूयॉर्कचा महापौर झाला!

मग नावं बदलली कुणी? त्यांनी स्वतःच. शाळेत बाईंना उच्चार जमेना, मुकादमाला जमेना, म्हणून ज्युझेप्पेचा झाला जो आणि विन्चेन्झोचा चक्क जेम्स. त्यामुळे अमेरिकेतल्या कागदांवर जेम्स दिसला, तरी जहाजाच्या यादीत विन्चेन्झोच शोधायचा असतो. पणजीचं तर आणखी वेगळं. इटलीत बाई लग्नानंतरही कागदोपत्री माहेरचंच आडनाव लावते. नवऱ्याच्या आडनावाने तिला शोधत बसलात तर ती सापडणारच नाही.

एलिस आयलंडच्या याद्या एप्रिल २००१ मध्ये कॉम्प्युटरवर सगळ्यांसाठी खुल्या झाल्या आणि या छंदाला उधाण आलं. शोध सोपा व्हावा म्हणून एका इंजिनिअरने वेगळं टूल बनवलं. त्याचं नाव स्टीफन मोर्स, म्हणजे इंटेलची ८०८६ चिप डिझाइन करणारा. आयटीवाल्यांनो, कॉलर ताठ करा!

ग्रुप हवाच कशाला?

आता तुम्ही म्हणाल, सगळं ऑनलाइन आहे तर घरी पायजम्यात बसून करा की. पण गंमत अशी की कॉम्प्युटर पान दाखवतो, वाचून देत नाही. इटलीच्या सरकारी अभिलेखागारांनी २०११ मध्ये ‘आन्तेनाती’, म्हणजे ‘पूर्वज’ नावाचा खजिना खुला केला. लाखो पानांचे फोटो, तेही फुकट. पण त्यातल्या बऱ्याच वह्यांना नावावरून शोधायची सोय नाही. एकेक पान उलटायचं आणि शाईने लपेटून लिहिलेली अक्षरं लावायची. आपल्याकडे मोडी वाचणारा शोधावा लागतो ना, तसंच.

इथे ग्रुपमधले काका-काकू कामी येतात. कुणाला अक्षर लागतं, कुणाला चर्चचं लॅटिन, कुणी तीनदा सिसिलीला जाऊन आलेलं असतं. बऱ्याच ग्रुपांत मेंबरांची आडनावं आणि गावं यांची यादी असते. यादी चाळताना कळतं, पलीकडच्या टेबलावरच्या काकूंची पणजी आपल्याच गावची! हा निव्वळ योगायोगही नसतो. एका गावचे लोक अमेरिकेतही एकाच गल्लीत राहायचे. मॅनहॅटनची एलिझाबेथ स्ट्रीट सिसिलीवाल्यांची, मलबेरी स्ट्रीट नेपल्सवाल्यांची. दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसी वाढला तो याच एलिझाबेथ स्ट्रीटवर. त्याचे आजी-आजोबा सिसिलीतल्या पोलित्झी जेनेरोझा आणि चिमिन्ना या गावांचे. म्हणूनच आपल्या पणजोबांचा माग लागत नसेल, तर त्यांच्या लग्नातल्या साक्षीदाराचा माग काढतात. तो बहुधा गाववालाच निघतो.

आणि हे सगळं फक्त स्वतःपुरतंही नसतं. लाँग आयलंडच्या ‘इटालियन जीनिऑलॉजिकल ग्रुप’च्या स्वयंसेवकांनी न्यूयॉर्क शहरातल्या जुन्या जन्म-विवाह-मृत्यू नोंदींच्या सूची टाइप करून सगळ्यांसाठी खुल्या केल्या. ऑफिसचा डेटा एंट्रीचा कंटाळा आठवा आणि मग या मंडळींना सलाम करा.

कागद बोलायला लागतो तेव्हा

एकदा गाव सापडलं की मात्र लॉटरी! नेपोलियनच्या राजवटीने नोंदणीची शिस्त लावली, दक्षिण इटलीच्या मुख्य भूमीवर १८०९ पासून. सिसिलीत ती १८२० ला आली. नेपोलियन गेल्यावर उत्तरेत बऱ्याच ठिकाणी ती गुंडाळली गेली, दक्षिणेत चालूच राहिली. म्हणजे जो भाग सगळ्यात गरीब, त्याचेच कागद सगळ्यात भरगच्च.

एक जन्मनोंद उघडा. बाप बाळाला घेऊन सरपंचासमोर आलाय. त्याचं वय, धंदा, राहती गल्ली, बाळाच्या आईचं माहेरचं नाव, दोन साक्षीदार. समासात कधी कधी नंतरच्या लग्नाचीही टीप. लग्नाच्या कागदांना जोडलेली पुरवणी तर त्याहून भन्नाट. वधू-वरांचे जन्मदाखले, आईवडील वारले असतील तर त्यांचे मृत्यूचे दाखले, आणि वडील नसल्यास कित्येकदा आजोबांचाही. एका लग्नात तीन पिढ्या!

आणि तळाशी एक छोटंसं वाक्य वारंवार भेटतं: लिहिता येत नसल्यामुळे बापाने सही केलेली नाही. या माणसाने आयुष्यात स्वतःबद्दल एक ओळ लिहिली नाही. त्याचा फोटो नाही, घर राहिलेलं नाही. तो होऊन गेला याचा बहुतेक एवढाच पुरावा, दुसऱ्याच्या हस्ताक्षरातला. आणि तो वाचतेय त्याची चौथ्या पिढीतली पणती, जिचा दिवस ईमेल लिहिण्यात जातो. टेबलाभोवतीची बडबड अशा वेळी थांबली तर नवल नाही.

पॉकेट डिक्शनरी

• दि / फु: ‘दि ज्युझेप्पे’ म्हणजे ज्युझेप्पेचा मुलगा, ‘फु ज्युझेप्पे’ म्हणजे कै. ज्युझेप्पेचा. एका अक्षराने कळतं, तेव्हा वडील हयात होते की नाही.
• कोन्तादिनो: शेतकरी. ब्राच्चान्ते: शेतमजूर. फिलात्रीचे: सूत कातणारी.
• ७ब्रे: जुलै नव्हे, सप्टेंबर! ‘सेत्ते’ म्हणजे सात. तसंच ८ब्रे म्हणजे ऑक्टोबर.
• नावांचा नियम: पहिला मुलगा वडिलांच्या वडिलांचं नाव लावणार, दुसरा आईच्या वडिलांचं. म्हणून एकाच गावात एकाच नावाचे चार चुलत भाऊ!

आणि पान कोरं निघालं तर?

प्रत्येक शोध सुखान्त नसतो. कधी आई-बापाच्या जागी लिहिलेलं असतं, अज्ञात. नेपल्सच्या आनुन्त्सियाता संस्थेच्या भिंतीत एक फिरतं लाकडी पिंप होतं, ‘रुओता’ म्हणजे चाक. बाळ त्यात ठेवायचं, चाक आत फिरायचं, ठेवणारीचा चेहरा कुणी पाहत नसे. हे चाक १८७५ मध्ये बंद झालं. एस्पोझितो हे आडनाव अशाच, ‘उघड्यावर ठेवलेल्या’ मुलांचं. नोंदीत बाळाच्या अंगावरचे कपडे लिहिलेले असतात, कधी गळ्यातलं अर्धं पदकही. उरलेलं अर्धं आईकडे, परत यायची वेळ आली तर ओळख पटावी म्हणून. इथे वंशावळ संपते. पण ते अर्धं पदक सांगतं की बाळ टाकणारीने परतीची वाट ठेवली होती.

पासपोर्टचा फंडा

आता खरं बोलूया. बऱ्याच जणांना या शोधात ओढलं ते लाल इटालियन पासपोर्टने. जुन्या नियमात पिढ्यांची मर्यादाच नव्हती. इटलीच्या एकीकरणानंतर हयात असलेल्या पूर्वजापर्यंत नागरिकत्वाची साखळी न तुटता जोडून दाखवली की अर्ज करता यायचा. मग २८ मार्च २०२५ ला इटलीने अध्यादेश काढला आणि मे महिन्यात त्याचा कायदा झाला. आता साधारणपणे आई-वडील किंवा आजी-आजोबांपर्यंतच, तेही ते फक्त इटलीचेच नागरिक असतील तर. एका दिवसात पणजोबांचे कागद कित्येकांसाठी ‘निरुपयोगी’ झाले. जुन्या नोंदीवर आजचा हक्क ठरतो तेव्हा काय होतं, हे २०२३ मध्ये कुणबी नोंदींसाठी दप्तरं धुंडाळणाऱ्या महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको.

मग शनिवारची लायब्ररी कशासाठी? ज्यांना फक्त विमानतळावरची छोटी रांग हवी होती, त्यांच्यासाठी विषय संपला. पण गाव सापडलेल्याचं गाव कुठलाही कायदा परत घेत नाही. नकाशावर त्या ठिपक्याला नाव आलेलं असतं, आणि आजीच्या सॉसलाही पत्ता मिळालेला असतो. तिथे जायला टुरिस्ट म्हणून गेलं तरी चालतं. कोमुनेच्या कचेरीत आडनाव सांगायचं. काउंटरवरच्या माणसाचंही तेच निघालं तर? मग लंच त्याच्या घरी पक्कं!